नेल्केचे तीन नमुने

१८ सप्टेंबर १९९४, रविवार

प्रार्थना संपल्यावर क्रेसेंझ चर्चच्या पायरीवर बुटाची नाडी बांधायला वाकली आणि मला एकदम मठाच्या शाळेतली दूधखोली आठवली. आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या असू. शनिवारी दुपारी सिस्टर पर्पेतुआ मठाच्या सहा गायींचं दूध सहा काचेच्या नळ्यांत घ्यायच्या, त्यात जपून ॲसिड घालायच्या, नळ्या चाकावर बसवायच्या आणि चाक फिरवायला आम्हा दोघींना उभं करायच्या. मी फिरवायची, क्रेसेंझ फेरे मोजायची. तीनशे मोजायचे असत. ती साठाच्या पुढे सरळ ऐंशीवर जायची आणि सिस्टर खिडकीबाहेर बघत राहायच्या. मग नळीच्या मानेत फॅटची पिवळी रेघ वर चढून यायची. त्या दिवशी वेगळं असं काहीच घडलं नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि क्रेसेंझची नाडी सुटलेली होती.

येत्या मार्चमध्ये मला दूधनोंदणीच्या कामात तीस वर्षं होतील. महिन्यातून एकदा प्रत्येक सभासदाच्या गोठ्यात जायचं, संध्याकाळी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रत्येक गाईचं दूध मोजायचं, तिच्या नंबरच्या बाटलीत नमुना घ्यायचा आणि बाटल्यांची पेटी प्रयोगशाळेला पाठवायची. दहा दिवसांनी कागद येतो. फॅट, प्रथिनं, दुधातली साखर, पेशी. गाय आजारी पडायच्या आधी तिचा कागद आजारी पडतो. लोक मला कॉफी देतात आणि विचारतात, "काय ओटी, आज कोणाला जगवतेस आणि कोणाला मारतेस?"

२१ सप्टेंबर

काल संध्याकाळी आणि आज सकाळी हागस्पीलांचा गोठा. चौदा गायी, क्रेसेंझ आणि तिचा मुलगा माग्नुस. नेल्के दाराशी पहिली उभी असते. तिचं दूध अठ्ठावीस किलो. पाच वर्षांपूर्वी क्रेसेंझच्या नवऱ्याने, युगेनने, स्वतःच्या हातांनी ओढून बाहेर काढलेली ती शेवटची कालवड. त्यानंतर आठ दिवसांत तो गेला. क्रेसेंझ त्याच्याबद्दल फारसं बोलत नाही. नेल्केशी बोलते.

संध्याकाळी बाटली निम्मी भरायची, सकाळी उरलेली, रेघेपर्यंत. मधल्या वेळात पेटी नमुना घेणारीच्या ताब्यात असावी असा नियम आहे. पण माझ्या ओपेल गाडीत दूध तापतं आणि क्रेसेंझच्या दूधखोलीत गार राहतं. शिवाय तिचं सूप तयार असतं आणि पेटी मांडीवर घेऊन जेवता येत नाही.

"ठेव गं ती तिथेच," क्रेसेंझ म्हणाली. "तुझ्या बाटल्या काय मी पिऊन टाकणार आहे?"

एकोणतीस वर्षं हेच बोलणं होतं.

१ ऑक्टोबर

कागद आले. हागस्पीलांच्या ड्रोसेलचं फॅट ५.६ आणि प्रथिनं २.९. फॅट चढलं आणि प्रथिनं पडली म्हणजे गाय पोटाला कमी खाते आणि अंगावरची चरबी वितळवून दूध देते. मी लगेच गेले.

"खाते की ती, मावशी," माग्नुस म्हणाला.

"किती खाते?"

तो गव्हाणीत वाकून बघून आला आणि त्याने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन दिवस गेले असते तर ती आडवी झाली असती.

नेल्केचा कागद मात्र सुंदर. फॅट ४.५०, प्रथिनं ३.८०, साखर ४.८०, पेशी अगदी थोड्या, म्हणजे कासेत काही दुखणं नाही. असे आकडे आमच्या ऑल्गॉय भागात शंभरात दोन गायींचे असतील. वळू-केंद्राचंही पत्र आलंय. शरद ऋतूतल्या तीन तपासण्यांत प्रथिनं सरासरीने साडेतीनच्या वर टिकली तर नेल्केची वळूची आई म्हणून नोंद होईल आणि तिचा पुढचा गोऱ्हा केंद्र घेईल.

"आणि नाही टिकली तर?" क्रेसेंझने विचारलं.

"नाही टिकली तर नाही," माग्नुस म्हणाला. "नाताळात नवी कालवड विणार आहे. जागा चौदाच. आई, तुला माहीतच आहे. कागदावर जी सगळ्यात खाली, ती जाणार. मग ती कोणी का असेना."

हे त्याला मीच शिकवलंय. तो बारा वर्षांचा होता तेव्हा, याच टेबलावर.

क्रेसेंझ उठली आणि नेल्केकडे गेली. गोठ्याच्या खिडकीत तीन राजांच्या सणाला पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेलं पाणी असतं, लिंबू सरबताच्या जुन्या बाटलीत. तिने त्यातले दोन थेंब नेल्केच्या पाठीवर शिंपडले. जानेवारीत भरलेली ती बाटली तिला वर्षभर पुरते.

२३ ऑक्टोबर

हागस्पील. काल संध्याकाळी क्रेसेंझ दूधखोलीत माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"यातली नेल्केची कुठली?"

"सात नंबर."

"एवढीशी? एवढ्याशावरून ठरवतात?"

"एवढ्याशावरूनच."

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बाटलीकडे बघितलं. मग मला सूप प्यायला पाठवलं आणि स्वतः मागाहून आली. मांजर आत शिरलं होतं म्हणाली.

सकाळी सात नंबरच्या बाटलीत निम्म्याहून थोडं जास्त दूध होतं. सकाळच्या दुधाला जागा कमी उरली. संध्याकाळी माझा हात जड पडला असणार. असं पूर्वी होत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. सकाळी कबरींवर दिवे लावले आणि दुपारी कागद बघितले, तो क्रम चुकला. नेल्के: फॅट ४.०५, प्रथिनं ३.४२, साखर ४.३२. पेशी मात्र आधीपेक्षाही कमी.

मला अर्थ लागेना. खाणं कमी पडलं तर फॅट चढायला हवं. कास सुजली तर साखर उतरते हे खरं, पण पेशी वाढायला हव्यात. मी तिच्याकडे जाऊन उभी राहिले. अंगावर तुकतुकी, डोळे स्वच्छ, रवंथ चाललेला. दूध अठ्ठावीस किलो.

"दिसायला राणी आणि कागदावर भिकारीण," माग्नुस म्हणाला.

"तुझे आकडे आजारी आहेत ओटी," क्रेसेंझ म्हणाली. "गाय ठणठणीत आहे."

"आकडे आजारी पडत नाहीत, झेन्सी." शाळेपासून मी तिला याच नावाने हाक मारते.

"मठात पडायचे. सिस्टर पर्पेतुआ गुरुवारी वेगळं सांगायच्या आणि शनिवारी वेगळं." मग ती स्वतःशीच म्हणाली, "कमी पडलं म्हणायचं."

"काय कमी पडलं?"

"काही नाही. बार्ली."

माग्नुसने बार्ली वाढवली. डॉक्टर येऊन गेले. त्यांना काही सापडलं नाही, पण दोन इंजेक्शनं दिली, कारण एवढ्या लांब आले होते.

६ नोव्हेंबर, रविवार

गुराघोड्यांचा रक्षक संत लिओनहार्ड, त्याचा दिवस. घोड्यांची मिरवणूक झाली. थंडी भरपूर होती, तीन घोड्यांनी चर्चसमोरच शेण टाकलं आणि त्यावरून पाद्रीबाबा घसरले, पण पडले नाहीत.

क्रेसेंझने सरबताची रिकामी बाटली माझ्या हातात दिली. तिच्या गुडघ्याला चर्चमागच्या पायऱ्या चढवत नाहीत.

"यंदा लवकर संपलं," ती म्हणाली.

"गोठ्यात नव्या गायी आल्यात की काय?"

"तू भर आणि आण. वकिली करू नकोस."

मी मागच्या पिंपातून बाटली गळ्यापर्यंत भरून आणली. आमचे पाद्रीबाबा आशीर्वादाच्या पाण्यात मीठ सढळ हाताने घालतात. त्यांची आई सूपही तसंच करायची. बाटली घेताना क्रेसेंझ म्हणाली, "देव तुझं भलं करो, ओटी." तिच्या तोंडून हे वाक्य मी शाळा सुटल्यापासून ऐकलं नव्हतं. वयाने माणूस मऊ होतो असं दिसतं.

१४ नोव्हेंबर

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, चष्मा बदला. मी म्हटलं, नाताळनंतर.

ड्रोसेल सुधारते आहे.

२४ नोव्हेंबर

हागस्पील. काल नेल्केचा नमुना घेताना मी दोनदा ढवळलं. न ढवळता वरचंवरचं दूध घेतलं तर फॅट खोटं चढतं आणि खालचं घेतलं तर खोटं उतरतं. तिच्या बाबतीत मला एकही चूक नको होती.

पेटी नेहमीच्या जागी ठेवली. शेजारीच आशीर्वादाच्या पाण्याची बाटली उभी होती. कलंडून माझ्या नमुन्यांवर पडायची, म्हणून मी ती उचलून फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. आत आल्यावर क्रेसेंझने मला सुपाची दुसरी वाटी आग्रहाने वाढली आणि दिवा मालवला की नाही ते बघायला दूधखोलीत गेली. तिथला दिवा मी मालवलाच होता. तिला हल्ली खात्री वाटत नाही कशाचीच.

"हे तिसरं आणि शेवटचं, नाही का?" परत आल्यावर तिने विचारलं.

"हो."

"मग या वेळी हात आखडायचा नाही."

"कशात?"

"कशातच नाही. सूप पी."

सकाळी सात नंबरची बाटली जवळजवळ पाऊण भरलेली निघाली. मी निम्मी भरली होती. मला आठवतं तरी तसं. बाकी तेरा बाटल्या व्यवस्थित निम्म्या होत्या. मी सकाळचं दूध रेघेपर्यंत घातलं, जेमतेम दोन-तीन चमचे मावलं, आणि झाकण लावलं. गाडीत बसल्यावर थोडा वेळ किल्ली फिरवली नाही. आपण काय केलं ते आपल्यालाच आठवत नाही, ही गोष्ट आईच्या बाबतीत बासष्टाव्या वर्षी सुरू झाली होती. मी एकसष्ट.

३ डिसेंबर, शनिवार

नेल्के: फॅट ३.६०, प्रथिनं ३.०४, साखर ३.८४. गोठ्यात सगळ्यात खाली. ड्रोसेलसुद्धा तिच्या वर.

कागद पोस्टाने त्यांच्याकडेही गेला होता. मी पोचले तेव्हा माग्नुसचं खाटकाशी फोनवर बोलून झालं होतं. सोमवारी, बारा तारखेला, सकाळी आठ वाजता.

"मावशी, माझ्याकडे असं बघू नकोस," तो म्हणाला. "तूच म्हणायचीस, डोळे फसतात, दूध फसवत नाही."

क्रेसेंझ बटाटे सोलत होती. तिच्या हातातला बटाटा सोलून झाला होता तरी ती सोलतच राहिली. शेवटी तो अक्रोडाएवढा उरला. माग्नुसने तिच्या हातातून सुरी काढून घेतली आणि दुसरा बटाटा दिला.

घरी आले. तिन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि पेन्सिल घेतली. ४.५० चे ४.०५ झाले. एक दशांश गेला. ३.८० चे ३.४२. एक दशांश. साखर, एक दशांश. तिसऱ्या कागदावर सगळ्यांतून बरोबर एक पंचमांश गेलेला. आजार असं समान वाटप करत नाही. आजारात एक आकडा चढतो, दुसरा पडतो, तिसरा जागचा हलत नाही. सगळे एका पट्टीने उतरतात ते एकाच गोष्टीने. पाणी.

मी पेन्सिल खाली ठेवली.

पाणी फक्त सात नंबरच्या बाटलीत. नंबर गाईच्या नोंदीचा असतो, दूध काढायच्या क्रमाचा नाही. नेल्के दाराशी पहिली उभी असते, म्हणजे माझं मापयंत्र पाइपच्या पाण्याने धुऊन झालं की पहिलं दूध तिचं. यंत्राच्या तळाशी धुण्याचं पाणी राहिलं असेल, तर ते तिच्याच बाटलीत जाणार. पातळी वर आली ती त्यामुळेच. ऑक्टोबरात थोडं, नोव्हेंबरात जास्त. डोळे जसे उतरत गेले, तसं पाणी चढत गेलं. सगळं जुळलं. आणि एवढा साधा भागाकार करायला मला एक महिना लागला.

एका धडधाकट गाईला मी मारायला निघाले आहे, ती गाय युगेनची आहे, आणि क्रेसेंझ मला सूप वाढते आहे.

५ डिसेंबर

दूधनोंदणी संघाच्या कार्यालयात डोब्लरसाहेबांना फोन केला. ते बत्तीस वर्षांचे आहेत. त्यांना साहेब म्हणायची मला अजून सवय झालेली नाही आणि त्यांनाही ऐकायची नाही.

"दोन नमुन्यांत पाणी आहे," मी म्हटलं. "चूक माझी आहे. यंत्र नीट निथळत नव्हतं. मला दिसलं नाही. बारा तारखेच्या आत पुन्हा नमुना घ्यायला हवा, आणि तो मी घेऊ नये."

फोनवर कागदांचा आवाज आला. "बाई, हे कोणी केलेलं नाही ना? पेटी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली होती का?"

"पेटी नेहमीच्या जागी होती."

हे खरंच होतं.

"कारण काय लिहू?"

"नमुना घेणारीची चूक."

"हे तुमच्या नोंदीत कायमचं राहील. मार्चमध्ये तुमच्या तीस वर्षांचा सत्कार ठेवलाय आम्ही."

"लिहा," मी म्हटलं. "आणि त्याखाली माझा राजीनामा लिहा. म्हणजे पुन्हा फोन करायला नको."

मग क्रेसेंझकडे गेले आणि तिला सांगितलं, माझ्या हातून पाणी गेलं. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पाण्याने आकडे उतरतात?" तिने विचारलं.

"यंत्र धुण्याच्या पाण्याने. हो."

"असं होय. धुण्याच्या पाण्याने." तिचा चेहरा मोकळा झाला. "नळाचं पाणी वाईटच असतं. त्यात चुना फार."

८ डिसेंबर

काल संध्याकाळी आणि आज सकाळी डोब्लरसाहेब स्वतः आले. मी फक्त दारात उभी होते. त्यांनी यंत्र उलटं करून झटकलं, दोनदा. मी बघत होते. एकोणतीस वर्षं मी एकदाच झटकत आले.

क्रेसेंझ म्हणाली, "पेटी ठेवा की दूधखोलीत. गार राहील."

"माझ्या गाडीत बर्फाचा डबा आहे, बाई."

"मग सूप घेताना तरी खाली ठेवा."

त्यांनी पेटी खाली ठेवली, दोन्ही बुटांच्या मध्ये, आणि तसंच सूप प्यायले. मग पेटी घेऊन मुक्कामाला खानावळीत गेले.

"माणसाचा माणसावर विश्वास उरला नाही," क्रेसेंझ त्यांची गाडी गेल्यावर म्हणाली. तिला फार लागलं होतं. मी तिला समजावलं की त्यांच्या पिढीला तसंच शिकवतात. ती गोठ्यात गेली आणि नेल्केच्या मानेत हात घालून उभी राहिली. मी माझ्या घरी आले.

९ डिसेंबर, शुक्रवार

चार वाजता फोन आला. डोब्लरसाहेबांनी नमुना प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिला होता.

फॅट ४.५२. प्रथिनं ३.८४. साखर ४.७९.

मी ते आकडे फोनशेजारच्या पुठ्ठ्यावर लिहिले, मग खुर्चीवर बसले, मग पुन्हा वाचले. शंभरात दोन गायी. वळू-केंद्र जुने दोन्ही नमुने रद्द धरणार आहे.

हागस्पीलांकडे चालत गेले, कारण गाडी चालवायची हिंमत होईना. माग्नुसने मला उचलून घेतलं, बुटांसकट. बारा तारखेला खाटीक यायचा तो येणारच आहे. जागा चौदाच. माग्नुसच्या वहीत आता फिंकचं, कागदावरच्या खालून दुसऱ्या गाईचं, नाव आहे. फिंक अकरा वर्षांची आहे.

माग्नुस गोठ्यात गेल्यावर क्रेसेंझने दोन पेले काढले आणि जेन्शियनची दारू ओतली.

"आता तुला सांगते," ती म्हणाली. "मी तीन महिने स्वस्थ बसले नव्हते. जे करायचं ते करत होते. अशा गोष्टींना वेळ लागतो, एवढंच."

"काय करत होतीस?"

"तू आकड्यांवाली. तुला सांगून काय उपयोग? हसशील."

"मी तुला कधी हसले आहे, झेन्सी?"

"साठानंतर ऐंशी म्हटलं की हसायचीस." तिने पेला संपवला. "आणि तू राजीनामा का दिलास, बावळट? सगळं नीट झालं ना?"

"माझ्या हातून गाय मरणार होती."

"मेली का? नाही मेली. मी असताना कशी मरेल?" मग ती जवळ येऊन बसली आणि तिने माझा हात धरला. तिचा हात गार आणि ओला होता, गोठ्यातून आलेल्या बाईचा असतो तसा. "पुढच्या महिन्यापासून मी सगळ्यांसाठीच करणार आहे. एकट्या नेल्केसाठीच का करायचं? बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

मला तिचा हेवा वाटला. आम्ही एकाच मठात शिकलो. श्रद्धा तिच्या वाट्याला आली आणि भागाकार माझ्या.

१४ डिसेंबर

आज शेवटचे कागद पोस्टात टाकले. माझ्या जागी जानेवारीपासून रोस्विता नावाची मुलगी येते आहे. शेतकी शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, आणि फोनवर आवाज तरी सरळ वाटला. उद्या सामान न्यायला येईल. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे असेन, म्हणून तिच्यासाठी पान वेगळं लिहून दारावर लावायचं आहे. आधी इथे लिहून काढते.

मापयंत्र आणि दोन्ही पाइप रोस्विताला. दर वेळी उलटं करून झटकावं. दोनदा.

रबराचा एप्रन तिलाच. बंद आखूड करून घ्यावेत, ती बारीक आहे असं ऐकते. बूट नकोत, माझ्या टाचेने त्यांना आकार दिलाय.

एकोणतीस वर्षांच्या वह्या डोब्लरसाहेबांना. शेवटच्या वहीतलं शेवटचं पान फाडू नये. मी ते लाल पेन्सिलीने लिहिलं आहे, कारण चूक तशीच लिहायची असते.

फॅट आणि प्रथिनांच्या प्रमाणाचा तक्ता, माझ्या हाताने काढलेला, माग्नुसला. गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा. त्याखाली मी लिहिलं आहे की कागद एकदाच वाचून खाटकाला फोन करू नये.

लोकरीचे मोजे, तीन जोड, कोरे, फिंकच्या दिवशी माग्नुसबरोबर उभ्या राहिलेल्या डॉक्टरांना. त्यांचे पाय भिजले होते.

सत्कारासाठी आणलेली पाटी संघाने परत पाठवावी. तीस हा आकडा खोडून एकोणतीस करता येत नाही.

रोस्विताला शेवटची एक सूचना. रात्री नमुन्यांची पेटी कोणाच्याही हवाली करू नये, हा नियम आहे आणि तो पाळावा. हागस्पीलांकडे मात्र निश्चिंतपणे क्रेसेंझकडे ठेवावी आणि सूप गरम असतानाच प्यावं. तिच्या ताब्यातल्या पेटीत एक थेंबही कधी कमी झालेला नाही.